एअरगनची गळती पुन्हा पुन्हा होते? रिंग नको, खाच मोजा

तक्रार ठरलेली असते. एअरगनचं सील गळत होतं म्हणून ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून हवा जाऊ न देणारी रबरी रिंग, बदलली. काही दिवस गेजचा काटा जागेवर राहिला, मग पुन्हा उतरायला लागला. तशीच दुसरी रिंग आणून घातली, पुन्हा तेच. शेवटी दोष रबराला जातो आणि हल्ली मालच चांगला येत नाही असं ठरतं. पण बहुतेक वेळा रबर निर्दोष असतं. रिंग ज्या खाचेत बसते त्या खाचेच्या मापाची ती नसते, एवढंच. जुन्या रिंगला कॅलिपर लावून जो आकडा आला तो मागवलेला असतो, आणि विश्वास ठेवू नये असं या सगळ्यात काही असेल तर ती जुनी रिंगच.

खोलण्याआधी एक गोष्ट. बंदुकीत छर्रा नाही याची खात्री करा, मॅगझिन काढा आणि पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी) असेल तर दाब पूर्ण उतरवा. गेज शून्य दाखवतं म्हणजे सिलिंडर रिकामं आहे असं गृहीत धरू नका. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करून पुढे देणारा भाग, असलेल्या बंदुकीत दोन वेगळे कप्पे असतात आणि एकाच्या गेजला दुसऱ्याची खबर नसते. स्क्रू ढिला करताना हिस्स आवाज आला की तिथेच थांबा. स्प्रिंगच्या बंदुकीत दाबलेली स्प्रिंग हाताने आवरायचा प्रयत्न करू नका, त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसरच लागतो.

गळती नक्की कुठे आहे

सगळ्या रिंगा एकदम बदलायचा मोह आवरा. आधी जागा शोधा, कारण काही गळत्यांचा ओ-रिंगशी संबंधच नसतो. बॅरलच्या तोंडातून हवा येत असेल तर बहुधा मुख्य व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसत नाही. तिथे कचरा असतो किंवा बैठकीला चरा पडलेला असतो, आणि रिंग बदलून काही होत नाही. रिकाम्या, खटका न चढवलेल्या बंदुकीच्या तोंडावर फुगा लावून ठेवला की थोड्या वेळात खरं काय ते कळतं. हवा भरायच्या तोंडातून येत असेल तर उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह तपासा. रेग्युलेटरच्या बंदुकीत सिलिंडरच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं. ते रेग्युलेटरच्या आतल्या, वातावरणाच्या दाबाला असलेल्या जागेशी जोडलेलं असतं. त्या छिद्रातून हवा येत असेल तर रेग्युलेटरच्या बॉडीची किंवा पिस्टनची रिंग गेली, हे जवळपास नक्की.

साबणाचं पाणी सांध्यांवर जरूर लावा, पण गेजच्या आत किंवा खटक्याच्या यंत्रणेत जाऊ देऊ नका.

आणखी एक प्रकार लोक हमखास चुकवतात. गेजचा काटा दिवसभर हलत नाही, पण छर्र्याचा वेग पडलेला असतो. ही गळती फक्त झाडताना होते. बोल्टच्या टोकावरची रिंग, व्हॉल्व्हपासून बॅरलपर्यंत हवा नेणाऱ्या मार्गावरची रिंग, किंवा मोडून भरायच्या बंदुकीत ब्रीचचं (बॅरलच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडाचं) सील, या तिघांपैकी कुणीतरी दोषी असतं. क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर वेगातली घट आणि एकेका छर्र्यामागचा चढउतार लगेच दिसतो. नसेल तर ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू कागदाची पट्टी ठेवून सुरक्षित दिशेला, योग्य अडसरावर, एक छर्रा झाडा. पट्टी उडाली की तिथून हवा जातेय. छर्रा मात्र घालाच. स्प्रिंगची बंदूक रिकामी झाडली तर पिस्टन समोर आपटतो आणि सील बदलायचं काम आणखी मोठं होऊन बसतं.

आणि कधी कधी गळती नसतेच. ३० अंशांना २०० बार असलेलं सिलिंडर १० अंशांना १८७ च्या आसपास दाखवणार, हा वायूचा स्वभाव आहे. घाईने हवा भरली की सिलिंडर तापतं आणि निवल्यावर काटा उतरतो. संध्याकाळी भरून सकाळी बघणाऱ्यांनी हा हिशेब करून मगच पाना हातात घ्यावा.

जुनी रिंग खोटं का सांगते

दाबाखाली महिनोन्‌महिने बसलेली रिंग कायमची चपटी होते. तिचा छेद गोल राहत नाही. एका दिशेने मोजला तर जाडी कमी, दुसऱ्या दिशेने जास्त. तेल किंवा सीओटू शोषलेली रिंग याउलट फुगलेली असते. सीओटूच्या बंदुकीतून काढलेली नायट्राइल रबराची रिंग खाचेत परत बसत नाही इतकी मोठी दिसते, आणि काही तास बाहेर ठेवली की आपोआप लहान होते. काढल्या काढल्या मोजलेला आकडा घेऊन कुणी मागणी नोंदवली तर काय येणार?

शिवाय कॅलिपरचे जबडे रबराला दाबतात. ०.१ मिमी सहज इकडचं तिकडं होतं, आणि या कामात ०.१ मिमी ही छोटी रक्कम नाही. रिंग मोजायचीच असेल तर जबडे अलगद मिटवत न्या आणि रिंग त्यांच्यातून जेमतेम सरकते तिथे आकडा वाचा. तीन-चार ठिकाणी मोजा. आतला व्यास जबड्यांनी मोजण्यापेक्षा ड्रिल बिटांच्या गुळगुळीत दांड्यांवर रिंग चढवून बघा. जिच्यावर ती ताण न येता, ढिली न पडता बसते, त्या दांडीचा व्यास म्हणजे रिंगचा आतला व्यास. हा आकडा फक्त पडताळ्यासाठी ठेवा. निर्णय खाचेवरून घ्यायचा.

एकमेकींसारख्या दिसणाऱ्या रिंगा

ओ-रिंगची साईज दोन आकड्यांनी ठरते, आतला व्यास आणि दोऱ्याची जाडी. गोंधळ होतो तो जाडीत, कारण जगात एकाच वेळी वेगवेगळी घराणी चालतात. अमेरिकन एएस ५६८ मालिकेत जाडी १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मिमी असते. मेट्रिक रिंगा १, १.५, २, २.५, ३ अशा चढत जातात. जपानी मापांच्या पी मालिकेत १.९ आणि २.४ मिमी भेटतात. १.७८, १.९ आणि २ या तीन रिंगा टेबलावर शेजारी ठेवल्या तर डोळ्याने ओळखणं कठीण. २.४, २.५ आणि २.६२ यांचंही तेच.

त्यात अमेरिकन मापांची बोलायची पद्धत भर घालते. त्यांच्याकडे १.७८ मिमीच्या रिंगला 'एक सोळांश इंची' म्हणतात. एक सोळांश इंच म्हणजे १.५९ मिमी. २.६२ ला 'तीन बत्तीसांश' म्हणतात, तो आकडा येतो २.३८. नावाप्रमाणे हिशेब करून जवळची मेट्रिक रिंग घेतली, म्हणजे १.७८ च्या जागी १.५ किंवा १.६, तर ती सुरुवातीला ग्रीसच्या भरवशावर हवा धरते आणि ग्रीस सरकलं की सोडते. 'काही दिवस ठीक चाललं' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

एअरगनमध्ये वारंवार लागणाऱ्या १.७८ जाडीच्या काही क्रमांकांचे आतले व्यास जवळ ठेवा: ००६ म्हणजे २.९० मिमी, ००७ म्हणजे ३.६८, ००८ म्हणजे ४.४७, ००९ म्हणजे ५.२८, ०१० म्हणजे ६.०७, ०११ म्हणजे ७.६५, ०१२ म्हणजे ९.२५, ०१३ म्हणजे १०.८२ आणि ०१४ म्हणजे १२.४२. क्रमांकाचा पहिला अंक जाडीचं घराणं सांगतो. ०१२ आणि ११० या दोन्ही रिंगा आतून साधारण ९.२ मिमीच्याच, पण ११० ची जाडी २.६२. फक्त आतला व्यास सांगून रिंग मागणाऱ्याच्या हातात यातली कोणतीही पडू शकते.

खाचेचा हिशेब

इथे वेळ घाला, बाकी सगळं सोपं आहे. दांड्यावर किंवा प्लगवर बाहेरून कोरलेली खाच आधी घेऊ, कारण हवा भरायच्या प्रोबवर आणि सिलिंडरच्या टोकाच्या प्लगवर बहुधा तीच असते. तीन मापं लागतात: खाचेच्या तळाचा व्यास, खाचेची रुंदी आणि हा भाग ज्या भोकात जातो त्या भोकाचा व्यास.

समजा तळाचा व्यास ९.५ मिमी आहे, भोक १२.५ आणि रुंदी २.४. भोकातून तळ वजा करून निम्मं केलं की रिंगला मिळणारी जागा येते, १.५ मिमी. रिंग या जागेपेक्षा जाड हवी, म्हणजे ती चेपली जाईल. हलणाऱ्या भागासाठी १० ते २० टक्के चेप आणि न हलणाऱ्यासाठी १५ ते २५ टक्के, हा अंदाज बहुतेक ठिकाणी पुरतो. आता आतला व्यास. रिंग खाचेच्या तळावर किंचित ताणून बसावी, १ ते ५ टक्के. ९.२५ ची रिंग ९.५ वर २.७ टक्के ताणली जाते, छान. ताणली की ती थोडी बारीकही होते, ताणाच्या साधारण निम्म्या टक्क्यांनी. म्हणजे १.७८ ची जाडी १.७५ ते १.७६ होते आणि चेप १४ ते १५ टक्के येतो. प्रोबसारख्या आत-बाहेर करणाऱ्या भागाला ०१२ क्रमांक अगदी बरोबर.

त्याच खाचेत ९×१.५ ची, म्हणजे आतून ९ आणि जाडीला १.५ मिमीची, मेट्रिक रिंग घातली तर? ती ५.६ टक्के ताणली जाते, जाडी १.४६ वर येते आणि १.५ च्या जागेत ती भोकाच्या भिंतीला टेकतसुद्धा नाही. ९×२ ची घातली तर चेप २३ टक्क्यांच्या आसपास जातो. ती हवा उत्तम धरेल, पण प्रोब जोर लावून आत ढकलावा लागेल, आणि भरायच्या छिद्राच्या कडेवर रिंग लवकरच कापली जाईल. जाड रिंग म्हणजे जास्त घट्ट, म्हणजे जास्त चांगली, हा समज सीलच्या बाबतीत पूर्ण खरा नाही.

रुंदी कशासाठी मोजायची, तर रबर दाबलं तरी त्याचं आकारमान कमी होत नाही, ते बाजूला सरकतं. आपल्या खाचेचा छेद १.५ गुणिले २.४, म्हणजे ३.६ चौरस मिमी. ०१२ ची रिंग त्यातला सुमारे ६७ टक्के भाग व्यापते. २ मिमीची ८३ टक्के, म्हणजे कडेला पोचलेली, आणि ती थोडी जरी फुगली तर तिला जायला जागा उरत नाही. ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. रिंग खाचेत भरून वर आलेली दिसते आणि भाग भोकात जातच नाही, तेव्हा हेच झालेलं असतं.

खाच भोकाच्या आतल्या भिंतीत असेल आणि दांडा मधून जात असेल, तर उलटा विचार करा. इथे रिंगचा बाहेरचा व्यास महत्त्वाचा, कारण ती खाचेच्या भिंतीला टेकून उभी राहिली पाहिजे. बाहेरचा व्यास म्हणजे आतला व्यास अधिक जाडीची दुप्पट. तो खाचेच्या व्यासापेक्षा १ ते ३ टक्के मोठा चालतो. लहान असेल तर रिंग खाचेत डुगडुगते, दांडा आत येताना ती वाकडी होते आणि टोकाखाली सापडून कापली जाते. अशी खाच कॅलिपरने मोजणं अवघड. दोन भाग मिसळून घट्ट होणारी सिलिकॉन पुट्टी आत दाबायची, ती पक्की झाली की ओढून काढायची आणि तिच्यावर उमटलेला कंगोरा मोजायचा.

तिसरा प्रकार सपाट तोंडावरचा, म्हणजे ब्रीचचं सील. दाब आतून बाहेर येतो म्हणून रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला आधीच टेकलेली हवी. नाहीतर प्रत्येक छर्र्यागणिक ती बाहेर फेकली जाते आणि लवकर झिजते. सील ब्रीचच्या पृष्ठभागाच्या जरासं वर, साधारण ०.२ ते ०.२५ मिमी, उभं दिसलं पाहिजे. त्याहून खाली गेलं असेल तर नवीन रिंग येईपर्यंत खाली पातळ चकती घालून उचलता येतं. फार वर आणलं तर बॅरल बंद करताना कुलपावर ताण येतो आणि सील चिरडतं. मूळ बनावटीत इथे चौकोनी छेदाचं खास सील असेल तर त्याच्या जागी ओ-रिंग ढकलू नका. स्प्रिंगच्या बंदुकीतल्या पिस्टनच्या छत्रीसारख्या सीललाही हेच लागू.

मेलेली रिंग वाचा

फेकण्याआधी भिंगाखाली धरा. एका बाजूची कड कुरतडलेली असेल तर दाबाने रबर फटीत ढकललं गेलंय. फट मोठी आहे किंवा रबर मऊ आहे, आणि त्याच मऊपणाची नवी रिंग त्याच वाटेने जाईल. पूर्ण चपटी पण अखंड असेल तर तिचं वय झालं, किंवा चेप फार होता. अंगावर तिरपे, गुंडाळलेल्या दोरीसारखे पीळ दिसले तर ती खाचेत घरंगळत होती. कोरडी बसवली होती किंवा जागेच्या मानाने बारीक होती. एकाच जागी स्वच्छ, चाकूने कापल्यासारखी चीर म्हणजे बसवतानाच जखम झाली. फोड आणि बुडबुडे म्हणजे रबरात शिरलेला वायू दाब अचानक उतरल्यावर फुगून बाहेर पडला. आणि रिंग निरोगी दिसत असेल, तरीही गळत असेल, तर भोकाच्या भिंतीवर लांबीच्या दिशेने ओरखडा शोधा. त्यावर कोणत्याही साईजचा इलाज नाही.

रबर कोणतं

नायट्राइल, कडकपणा ७० शोर, हा बाजारातला सर्वसाधारण माल. हवेच्या मध्यम दाबाला तो पुरतो. २०० ते ३०० बारच्या पीसीपीमध्ये, विशेषतः हलणाऱ्या भागांना, ९० शोर घ्या. तरीही कड कुरतडली जात असेल तर रिंगच्या मागे, म्हणजे दाब नसलेल्या बाजूला, टेफ्लॉनची आधार-चकती बसते का बघा. त्यासाठी खाच तेवढी रुंद हवी.

सीओटूला ९० शोरचं पॉलियुरेथेन. नायट्राइल चालतं, पण वायू शोषून फुगतं, आणि १२ ग्रॅमची कॅप्सूल संपल्यावर दाब झटकन उतरला की त्याला फोड येतात. पॉलियुरेथेन झिजेलाही टिकतं. त्याचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. काही प्रकार दमट, उष्ण जागी वर्षानुवर्षे पडून राहिले की चिकट होऊन तुटतात, म्हणून मोठा साठा करू नका. व्हायटॉन तेलाला आणि उष्णतेला उत्तम, पण कडाक्याच्या थंडीत ताठरतो आणि दिवसा न गळणारी बंदूक पहाटे गळते. सिलिकॉनची रिंग मऊ आणि सुबक दिसते, पण तिच्यातून वायू झिरपतो आणि ती सहज फाटते. एअरगनमध्ये तिचं काम नाही.

रंगावरून रबर ओळखू नका. व्हायटॉन तपकिरी, हिरवा आणि काळाही मिळतो. काळी ईपीडीएम आणि काळी नायट्राइल दिसायला जुळ्या, पण खनिज तेल लागलं की ईपीडीएम फुगून बसते.

बसवताना

जुनी रिंग प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या हुकाने काढा. स्टीलच्या सुईने खाचेच्या तळाला एक ओरखडा गेला की नवीन रिंग पहिल्या दिवसापासून गळणार. खाच पुसून कोरडी करा. रिंगला आट्यांवरून किंवा छिद्रावरून जावं लागत असेल तर आट्यांवर पातळ टेप गुंडाळा आणि छिद्राची धारदार कड हलक्या हाताने मोडून घ्या. मी पाहिलेल्या 'लगेच गळणाऱ्या' नव्या रिंगांमध्ये चुकीच्या मापाच्या खालोखाल या कापलेल्याच असतात.

पीसीपीत शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा चकाकी येण्यापुरता थर द्या, गोळे नकोत. खनिज तेल किंवा साधं ग्रीस दाबाच्या हवेच्या वाटेवर कधीच वापरू नका. दाबल्याने तापलेल्या हवेत ते पेटू शकतं. आणि सिलिंडरमध्ये फक्त हवाच भरा, ऑक्सिजन कधीही नाही.

जोडून झाल्यावर एकदम पूर्ण दाब भरू नका. आधी ५० ते ६० बार भरून थोडं थांबा, सांधे तपासा, मग हळूहळू वर जा. भरल्यानंतर सिलिंडर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तेव्हाचा आकडा आणि तापमान लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. गेजची रेघ जाड असते, तेव्हा वरून सरळ बघून वाचा. आकडा टिकला की कागदावर खाचेची तीन मापं, घातलेल्या रिंगचा आतला व्यास, जाडी, रबर आणि शोर हे सगळं लिहा आणि कागद बंदुकीच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी मागणी त्या कागदावरून द्यायची.